आपण काम कोणते करता?

इंदूरहून धार, राजगढ, झाबुआ, दाहोद करीत गोध्र्याकडे जाणारा रस्ता माळव्यातील मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. राजगढजवळ मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे व तेथे यात्रेकरूंची वर्दळ असते. याच टापूतून, धार, झाबुआ व अलीराजपूर जिल्ह्यांतून, या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत शेकडो आदिवासी स्त्रीपुरुष पोटासाठी गुजरातेत गेले. गोधरा व बालासिनोर येथे गारगोटीचा दगड दळण्याचे कारखाने होते. तेथे त्यांना काम मिळाले, आणि कामाबरोबर मरणही.

कारखान्यात हात सापडला, तर आरडाओरड होते, रुग्णवाहिका धावते, नोंद होते. गारगोटीच्या धुळीला असा आवाज नसतो. तिचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतात, तेथे व्रण धरतात आणि फुफ्फुस आवळत नेतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. खोकला, धाप, रोडावलेले शरीर ही लक्षणे क्षयासारखीच. म्हणून अनेकांवर केवळ क्षयाचे उपचार होत राहिले. मजूर गावी परतून मरत आणि कारखान्याच्या दप्तरी त्याची नोंद नसे.

नोंद केली ती गावोगाव फिरून घरोघर विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्यांनी. त्या याद्यांच्या बळावर प्रकरण मानवाधिकार आयोगापुढे व सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. ती रक्कम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो २०१६ साली. मधल्या सहा वर्षांत किती घरांनी वाट पाहिली असेल, हे वाचकांनीच मनाशी ताडावे.

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्यास नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा, असे त्याने वैद्यांस बजावले होते: आपण काम कोणते करता? माळव्यातील त्या मजुरांना हा प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर निदान मागून जाणारे तरी वाचले असते. कारण हा रोग बरा होत नसला, तरी टाळता येतो. दगड ओला ठेवून दळणे, यंत्र बंदिस्त करणे, धूळ जागच्या जागी ओढून घेणे हे उपाय ठाऊक आहेत. तोंडावरची पट्टी हा त्यांतला सर्वांत दुबळा उपाय.

हे सांगण्यास एक कारण आहे. आपल्या घरांतून डॉक्टर व अभियंते होणारी मुले थोडी नाहीत. परंतु कामगारांचे आरोग्य व कारखान्यातील सुरक्षितता यांकडे वळणारे फार विरळा. अहमदाबादेस १९६६ पासून व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. मुंबईस शीव येथे केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालतो, आणि डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा. पीथमपूर व देवास येथील कारखाने तर आपल्या दाराशीच आहेत.

या व्यवसायात गाजावाजा नाही. ज्याचा प्राण वाचला, त्याला ते कधी कळतही नाही. तरीही मुलामुलींच्या पुढील शिक्षणाचा विचार करताना पालकांनी या वाटेचाही विचार अवश्य करावा.