ढग कसला, भाड्याची पातेली!

मित्रांनो, हल्ली 'क्लाउड' या शब्दाशिवाय आपलं पान हलत नाही. सेमिनार असो की कॅम्पस इंटरव्ह्यू, क्लाउड हवाच! पण "म्हणजे नेमकं काय रे?" असं विचारलं की भलेभले आकाशाकडे बघतात. खरं तर यात आकाशातलं काहीच नाही. दुसऱ्याच्या इमारतीतले सर्व्हर आपण इंटरनेटवरून वापरायचे आणि वापरू तेवढं भाडं भरायचं, एवढंच. अॅमेझॉनने 2006 मध्ये डेटा साठवण्यासाठी 'एस-थ्री' आणि सर्व्हरसाठी 'ईसी-टू' या सेवा सुरू केल्या, तिथून हा धंदा फोफावला. मायक्रोसॉफ्टने तर 2015 मध्ये आपल्या पुण्यातच डेटा सेंटर सुरू केलं.

आता धंद्याला याचा उपयोग काय? लग्नाच्या पंगतीसाठी आपण मोठी पातेली विकत घेतो का? भाड्याने आणतो, काम झालं की परत! बारावीच्या निकालाची साइट घ्या. एका दुपारी लाखो मुलं तुटून पडतात, नंतर शुकशुकाट. अशा कामाला क्लाउडसारखी सोय नाही. नवा धंदा काढणाऱ्याचंही भांडवल अडकत नाही.

पण रोज दोनशे डबे करणारी खानावळ पातेली भाड्याने आणील का? रोजचं काम ठरलेलं असेल तर स्वतःचे सर्व्हर स्वस्त पडू शकतात. ड्रॉपबॉक्सने आपल्या ग्राहकांचा 90 टक्क्यांहून जास्त डेटा अॅमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रणेवर आणला आणि 2016 मध्ये तसं जाहीरही केलं.

आणि "क्लाउडवर आहे म्हणजे सेफ आहे" हे वाक्य तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. दुसरीकडे बॅकअप नसलेल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

उद्या एखादा वर्कशॉपवाला आपल्याला इंजिनिअर समजून विचारेल, "क्लाउडवर जाऊ का?" तेव्हा फॅशन म्हणून 'हो' म्हणू नका. आधी तीन गोष्टी विचारा. काम रोज सारखं आहे की कमीजास्त होतं? बॅकअप दुसऱ्या ठिकाणी आहे का? कंपनी बदलायची झाली तर डेटा बाहेर काढायला किती खर्च येईल? सल्ला आपला असला तरी पैसा आणि वर्षानुवर्षांचे हिशेब त्याचे असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे!