जंतूंची वंशावळ आणि गोठ्यातील माणूस

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा हे तालुके गवळाऊ गाईंचे माहेरघर आहेत. याच जिल्ह्यात १९४१ साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने गोसेवा संघ उभा राहिला. गाईविषयी या देशात पुष्कळ बोलले गेले. परंतु गाय पाळणाऱ्याला तिच्यापासून कोणता रोग जडतो, याची चौकशी क्वचितच झाली. ब्रुसेलोसिस हा असाच रोग आहे. बाधित गाय गाभडते. तिची वार उघड्या हातांनी उचलणाऱ्याला आणि निरसे दूध पिणाऱ्याला जंतू बाधतो. उलटून येणारा ताप, घाम व सांधेदुखी यांमुळे तो अनेकदा हिवताप किंवा विषमज्वर समजला जातो.

अशा जंतूंचा माग काढण्याचे प्रभावी साधन विज्ञानाने दिले आहे. ब्रुसेलाच्या जनुकसंचात सुमारे ३३ लाख अक्षरे असतात व पिढ्यानुपिढ्या त्यांत तुरळक बदल साठतात. निरनिराळ्या देशांतील नमुन्यांचे हे बदल ताडून पाहिले, की जंतूची वंशावळ मांडता येते आणि तो कोठून कोठे गेला याचा अंदाज बांधता येतो. २०१५ साली चीनमधील डुकरांत, कोलिस्टिन या राखीव औषधालाही न जुमानणारे एमसीआर-१ हे जनुक आढळले. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी साठवलेली जनुकीय माहिती चाळली, तेव्हा काही आठवड्यांतच ते तेथील एका रुग्णात व आयात कोंबडीच्या मांसात सापडले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली.

परंतु वंशावळीत नोंद होते ती नमुना घेतलेल्या जंतूचीच. डेन्मार्कला शोध लागला, कारण तेथे नमुने जपलेले होते. आर्वीच्या गोठ्यातील नमुना प्रयोगशाळेत पोहोचलाच नाही, तर जागतिक नकाशावर ती कडी कोरीच राहणार.

आणि तो पोहोचावा कसा? गाय बाधित ठरली, की दुधाचे गिऱ्हाईक तुटते व गाईचे मोलही जाते. अनेक देशांनी बाधित जनावरे मारून, मालकाला भरपाई देऊन रोग आटोक्यात आणला. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येस बंदी आहे. २०१५ पासून ती बैलांनाही लागू झाली. तेव्हा बाधित गाय पोसण्याचा भार गरीब पशुपालकावरच पडतो. त्याने ती मुकाट्याने बाजारात नेली, की रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. याचा दोष त्याच्या दारिद्र्याला द्यायचा, की त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या व्यवस्थेला?

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना लस देण्याची योजना आहे. ती प्रत्येक गोठ्यापर्यंत गेली पाहिजे. बाधित जनावर उघड करणाऱ्याला भरपाई व त्या जनावराच्या वेगळ्या निवाऱ्याची सोय मिळाली पाहिजे. १९६९ पासून सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील रुग्णाची तपासणी आणि गावातील गुरांची तपासणी एकमेकींशी जोडली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत विचारावे: गावात किती कालवडींना लस मिळाली? किती गाई गाभडल्या, व किती नमुने गेले? या साध्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत जंतूंच्या वंशावळीचा लाभ पशुपालकाच्या पदरी पडणार नाही.