लवकर घरी, पण कोणाच्या भरवशावर?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत दोन गोष्टी ठळक असतात : आधीचा-नंतरचा फोटो आणि ‘दोन दिवसांत घरी’ हे आश्वासन. फोटो बहुधा बाईचाच. घरी गेल्यावर तिच्याकडे पाहणार कोण, हे मात्र कुठेच छापलेले नसते.

लवकर घरी पाठवण्याची पद्धत मुळात वाईट नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात ती मांडली : रुग्णाला फार काळ उपाशी ठेवू नये, गुंगी आणणारी वेदनाशामके कमी द्यावीत, लवकर चालते करावे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांसाठी तशा मार्गदर्शक सूचना २०१६ साली निघाल्या, २०२१ साली सुधारल्या. त्या नीट पाळल्या तर बाई खरोखरच लवकर सावरते. माझा आक्षेप आहे तो यातले ‘खाट लवकर रिकामी’ एवढेच उचलणाऱ्या धंद्याला.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कापून काढतात. शिवणीतून गळती झाली तर ती पुष्कळदा घरी गेल्यावरच उघडकीस येते. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याचा धोकाही डिस्चार्जने संपत नाही. नाडी जलद चालणे, ताप, वाढती पोटदुखी, खांदा दुखणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे. ती ओळखायची कोणी?

नवरा आजारी पडला तर बायको उशाशी बसते. बायको आजारी पडली तर ती उठेपर्यंतच आजारी! समुपदेशन केंद्रात मी ऐकते, ‘दवाखान्यात पहिल्याच दिवशी चालत होती, मग आता काय झालं?’ एका बाईला सहाव्या दिवशी ओट्याशी उभी असताना धाप लागली. घरचे म्हणाले, पित्त असेल. दवाखान्यातून फोनवर उत्तर आले, ‘डॉक्टर सोमवारी भेटतील.’ पोटात पू झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ती वाचली. वर ‘पथ्य पाळलं नसेल’ हा ठपकाही तिच्याच माथी.

पुढचे तर कोणी बोलतच नाही. उलट्या थांबल्या नाहीत तर काही आठवड्यांतच ‘ब१’ जीवनसत्त्व घटून मेंदूला व नसांना इजा होऊ शकते. लोह, कॅल्शियम, ‘ब१२’ यांच्या गोळ्या व रक्ततपासणी जन्मभराची. वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. आणि ‘वजन घटव म्हणजे मूल होईल’ म्हणून ढकललेल्या बाईच्या हातात तो निर्णय असतो का?

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे जिचे तिने ठरवावे. पण दवाखान्यांकडे आपण मागायलाच हवे : धोक्याच्या लक्षणांचा मराठीत छापलेला कागद; रात्रीही जाणकार माणूस उचलेल असा फोन; पहिल्या आठवड्यात दवाखान्याकडून आपणहून चौकशी. डिस्चार्ज पॅकेज पाहून नको, प्रकृती पाहून द्या. आणि सही घेण्याआधी घरच्यांना समोर बसवून विचारा : पुढचे पंधरा दिवस स्वयंपाक कोण करणार?