मामू, बायोस कुठून आणू?

परवा भाच्याचा फोन आला. "मामू, प्लेस्टेशन २ चा इम्युलेटर कॉम्प्युटरवर टाकला, पण तो बायोस मागतोय. विचारलं तर म्हणतात, तुझ्या स्वतःच्या मशीनमधून काढ. मशीन असतं तर इम्युलेटर कशाला घेतला असता?"

प्रश्न बिनतोड वाटतो. मला मात्र पीसीएसएक्स२ बनवणाऱ्यांचंच म्हणणं पटतं, आणि ते भाच्याच्या गळी उतरवताना दमछाक झाली.

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं वागणं दुसऱ्या यंत्राला शिकवणारा प्रोग्राम. पीसीएसएक्स२ वर २००२ पासून लोक आपला वेळ घालून काम करत आहेत आणि फुकट देत आहेत. ती त्यांची मेहनत. पण बायोस हा सोनीने मशीनमध्ये घातलेला प्रोग्राम आहे, आणि गेम ज्याने बनवली त्याची. दुसऱ्याचा माल हे कसा वाटणार? २००० साली अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात इम्युलेटरवाल्यांच्या बाजूने निकाल लागला, तो याच फरकावर. कनेक्टिक्सने सोनीचा बायोस अभ्यासासाठी उतरवला होता, विकताना मात्र स्वतः लिहिलेला कोड घातला होता.

ही रेघ पुसट झाली की काय होतं, ते यूझूने पाहिलं. हा निन्टेंडो स्विचचा इम्युलेटर. झेल्डाची नवी गेम १२ मे २०२३ ला बाजारात येण्याआधीच फुटली. दहा लाखांहून जास्त वेळा ती फुकट उतरवली गेली आणि त्याच काळात यूझूला पैसे देणारे दुपटीने वाढले, असा निन्टेंडोचा आरोप होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा दाखल झाला. आठवडाभरात तडजोड: २४ लाख डॉलर आणि काम बंद. चोरी नको, असं यूझूवालेही म्हणत होतेच. पण चोरीच्या लाटेवर वर्गणी वाढत असेल, तर त्या सूचनेला कोण विचारतो?

मला खरं वाईट वाटलं ते सिट्राचं. त्याच मंडळींचा हा थ्रीडीएसचा इम्युलेटर, तोही सोबत गेला. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान निन्टेंडोने मार्च २०२३ मध्येच बंद केलं होतं. म्हणजे कंपनी नवी प्रत विकत नाही आणि जुनी चालवायचं साधनही गेलं.

कंपन्या काही साळसूद नाहीत. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं. अशा गेम संशोधकांना ग्रंथालयांतून घरबसल्या वापरू द्याव्यात, ही मागणीही तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. यावर भाचा चिडला तर त्याचं काय चुकलं? फक्त तो राग इम्युलेटरवाल्यांच्या दारात नेऊ नये. कोर्टात तेच उभे राहतात, भाचा नाही.

आमची पिढी तरी कुठे स्वच्छ? आमचा मारिओ डुप्लिकेट कॅसेटमधूनच आला. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. भाच्याला ठाऊक आहे.

काल त्याचा पुन्हा फोन. जुन्या बाजारात एक प्लेस्टेशन २ मिळतोय, रिमोट नाही, दुकानदार भाव जरा जास्त सांगतोय. म्हटलं, घासाघीस कर, अर्धे पैसे मी देतो. सोबतच्या डिस्क मात्र नीट बघून घे.