झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीचे मर्म जपानी माहजाँग खेळू लागणाऱ्याने आरंभीच हृदयंगम करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. इतरांनी टाकलेली सोंगटी ‘पोन’ किंवा ‘ची’ असे पुकारून उचलण्याचा मोह नवशिक्यास अनावर होतो. परंतु चार संच आणि एक जोडी त्वरेने जुळविण्याच्या या उतावळेपणात मूठ उघडी पडते आणि ‘रीची’ जाहीर करण्याचा हक्कही संपुष्टात येतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. या खेळात विजयाला किमान एका ‘याकू’ची, म्हणजे मान्यताप्राप्त लक्षणाची, सनद लागते, तिच्याअभावी परिपूर्ण रचनाही नामंजूर होते. उलट, १३ सोंगट्या झाकून ठेवून, अखेरची एकच उणी असताना, १,००० गुणांची अनामत ठेवून रीची पुकारली, तर ती घोषणाच याकू ठरते. शिवाय तोपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा रोख धोक्याचा दिसल्यास, निर्धोक सोंगट्या टाकून माघार घेण्यास बंद मुठीत अधिक अवकाश असतो. उघड्या डावालाही त्याचे स्थान आहे. मात्र संयमाचा हा पाठ गिरविल्यावाचून त्या वेगाची खरी किंमत उमगत नाही.