आरसा, भिंग आणि चित्रकाराचा हात

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लँडर्समधील चित्रकारांच्या हातून जे घडले, त्याने कलेच्या अभ्यासकांना आजतागायत स्वस्थ बसू दिलेले नाही. सोनेरी वर्खाच्या पार्श्वभूमीवर निश्चल उभे असलेले संत आणि देवदूत पाहण्याची सवय जडलेल्या डोळ्यांपुढे यान व्हान आइकने १४३४ साली आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र ठेवले, तेव्हा पितळेची झळाळी, लोकरीची लव, पायाशी उभ्या असलेल्या कुत्र्याचा केस न् केस आणि मागील भिंतीवरच्या बहिर्वक्र आरशात उमटलेली अख्खी खोली इतक्या प्रत्ययकारी रीतीने अवतीर्ण झाली होती की, हे निव्वळ मानवी हाताचे काम असावे काय, अशी शंका त्या हाताचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही पडावी.

२००१ साली इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी ती शंका ग्रंथरूपाने बोलून दाखवली आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक चार्ल्स फाल्को यांनी तिला गणिताची जोड दिली. अंतर्वक्र आरसा प्रखर उन्हातील माणसाची वा वस्तूची उलटी प्रतिमा अंधाऱ्या खोलीतील फलकावर पाडू शकतो. १४३० च्या सुमारास फ्लेमिश चित्रकारांना ही युक्ती गवसली, तिच्या आधारे त्यांनी रेषा गिरवून घेतल्या आणि धंद्याचे गुपित म्हणून तिची कोठे नोंद होऊ दिली नाही, असे या उभयतांचे म्हणणे.

फिर्याद एका चित्रकाराने गुदरलेली आहे, म्हणून ती आदराने ऐकली पाहिजे; रेषा ओढताना हात कोठे अडतो आणि कोठे निर्वेध सरकतो, याची जाण दप्तरांत रमणाऱ्या पंडितांपेक्षा त्यालाच अधिक. परंतु मुद्देमाल तपासू लागले की फिर्याद डळमळते. आर्नोल्फिनी चित्रातील पितळी झुंबर हा तिचा हुकमी पुरावा : इतकी गुंतागुंतीची वस्तू, तरी तिच्याखाली पूर्वरेखाटन आढळत नाही, तेव्हा ती प्रतिमेवरच रंगवलेली असली पाहिजे. डेव्हिड स्टॉर्क आदी संशोधकांनी मात्र त्या झुंबराच्या शाखा यथादर्शनाच्या नियमांनी मोजून पाहिल्या, तेव्हा त्यांचा परस्परांशी मेळ बसेना. हाती घडवलेल्या झुंबराच्या शाखा तंतोतंत सारख्या असतीलच कशाला, हा त्यावरचा जबाब चतुर आहे खरा. पण जो पुरावा असा दोन्ही बाजूंना वळतो, त्याच्या आधारे निवाडा करता येत नाही.

याहून बोलका दस्तऐवज ड्रेस्डेन येथे आहे. कार्डिनल अल्बेर्गाती यांचे म्हणून ओळखले जाणारे एक छोटे रेखाचित्र व्हान आइकने रुप्याच्या टोकाच्या लेखणीने काढले, आणि त्यावरून सिद्ध केलेले, सुमारे चाळीस टक्के मोठे रंगीत व्यक्तिचित्र आज व्हिएन्नात आहे. दोहोंतील मेळ इतका नेमका की, हॉकनी-फाल्को यांना तेथेही प्रकाशयंत्र दिसते. आकृती मोठी करण्यासाठी कंपाससारखी साधी साधने असताना एवढ्या आडवाटेने जाण्याचे प्रयोजन मला उमगत नाही. शिवाय त्या रेखाचित्राच्या कडेला चित्रकाराने स्वहस्ते टिपणे केली आहेत : ओठ फार पांढुरके, दाढीचे खुंट करडे, अशा प्रकारची. समोर बसलेल्या वृद्धाच्या कातडीतील छटांचे, एखाद्या कारकुनाने रोजकीर्द लिहावी तशा काटेकोरपणे, शब्दांत टाचण करून ठेवणाऱ्या या माणसाची खरी मिळकत त्याच्या निरीक्षणात होती. बाह्यरेषा आरशाने गिरवून दिली असती, तरी हे टिपण करणारा डोळा आरशाने दिला नसता.

काचेचे ऋण मला नाकारायचे नाही. ते भलत्याच खात्यावर मांडले गेले, एवढीच माझी तक्रार आहे. ज्या युगात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, त्या युगाला गतकाळातही कॅमेराच शोधावासा वाटावा, हे स्वाभाविक असले तरी इतिहासाला धरून नाही. आगीच्या भयाने व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या; त्याच सुमारास इटलीत चष्मा निघाला; आणि इब्न अल्-हैथमचा प्रकाशशास्त्रावरील अरबी ग्रंथ लॅटिनमधून युरोपच्या विद्यापीठांत वाचला जात होता, इतका की फ्लॉरेन्सच्या गिबेर्ती या शिल्पकाराने आपल्या टिपणांत त्याचा मुबलक आधार घेतला. या वातावरणात वाढलेल्या पिढीला पाहणे ही क्रियाच विचाराचा विषय वाटू लागली. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे चित्र काढून फलकाला छिद्र पाडले, आणि प्रेक्षकास पाठीमागून त्या छिद्रातून समोरच्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावयास लावले. तेथे आरसा गिरवण्याचे साधन नव्हता, पडताळ्याचे होता. आल्बेर्तीने १४३५ च्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात आरशाला याच न्यायासनावर बसवले : चित्रातील दोष पकडावयाचे तर ते आरशात पाहावे.

व्हान आइकचे १४३६ चे ब्रूज येथील चित्र पाहा. धर्मगुरू व्हान डर पाले याच्या हाती चष्मा आहे, आणि शेजारच्या संत जॉर्जच्या चिलखतावर मेरीच्या तांबड्या वस्त्राचे विकृत, वाकलेले प्रतिबिंब पडले आहे. वक्र पृष्ठभागावर आकृती कशी ताणली जाते याचा अभ्यास ज्याने बहिर्वक्र आरशापुढे बसून केला, त्यालाच हे चिलखत साधावे.

आणि काचेचा एक वाटा तर शब्दशः चित्रात मुरलेला आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील तज्ज्ञांनी पेरुजिनो, राफाएल आदींच्या रंगथरांची तपासणी केली, तेव्हा त्यांत रंगहीन काचेची पूड मिसळलेली सापडली. तेल लवकर वाळावे म्हणून ती घालत असावेत, आणि पारदर्शक असल्याने रंगाची छटाही ती बिघडवत नाही. गुपितांचा शोध घेणाऱ्यांना ही पूड फारशी रोमांचक वाटत नाही. चित्रकाराच्या कारखान्यात मात्र काच रोज हाताळली जात होती, आणि तिची हजेरी सिद्ध करण्यास कोणत्याही तर्काची गरज पडत नाही.