समुद्रावर सावली हवी? आधी वाऱ्याचा विचार करा

नाताळच्या सुट्टीत दिल्लीच्या धुक्यातून निघून कोकणात जायचं ठरलं, की सामानाची यादी सुरू होते. सोबत आजी किंवा तान्हं बाळ असेल तर किनाऱ्यावर सावली हवीच. मग आपण ऑनलाइन पॉप-अप कॅनोपी शोधतो आणि फोटोत सगळ्याच छान दिसतात.

मागच्या डिसेंबरात आम्हीही अशीच एक स्वस्तातली कॅनोपी गणपतीपुळ्याला नेली. सकाळी दहा वाजता ती दोन मिनिटांत उभी राहिली. दुपारी वाऱ्याच्या एका झोताने उचलली गेली आणि कोलांट्या घेत लांब जाऊन पडली. आत झोपलेल्या भाचीला ताईने पाचच मिनिटांपूर्वी उचललं होतं, म्हणून निभावलं. अशा गोष्टी हसण्यावारी नेऊ नका. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात वाऱ्याने उडालेली किनाऱ्यावरची छत्री लागून एका महिलेचा मृत्यू झाला होता.

सकाळी शांत, दुपारी जोरात

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आठवतात? दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरचा वारा जमिनीकडे वाहू लागतो. म्हणून सकाळी शांत वाटणाऱ्या किनाऱ्यावर दुपारी वारा वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की कापडावरचा दाब चौपट होतो. त्यामुळे खरेदी करताना दुपारचा वारा डोळ्यांसमोर ठेवा.

सांगाडा कसा बघायचा?

पोलादी सांगाडा मजबूत असतो, पण रंगाचा थर निघाला की खाऱ्या हवेत गंजतो. गंज बहुतेक वेळा सांध्यांपासून आणि स्क्रूपासून सुरू होतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका असतो आणि तसा गंजत नाही, मात्र नळी पातळ असेल तर वाकतो. सांधे प्लास्टिकचे असतील तर ते सुटे विकत मिळतात का, हे आधी विचारा. एक सांधा तुटल्यामुळे अख्खी कॅनोपी भंगारात जाऊ नये.

कापड कोणतं?

यूपीएफ ५०+ लिहिलेलं कापड घ्या. त्यातून अतिनील किरणांचा जास्तीत जास्त पन्नासावा भाग आत येतो. छताला वरच्या बाजूने वारा निघून जाण्याची फट असेल तर उत्तम. कोपऱ्यांवर दुहेरी शिलाई आहे ना, ते बघा, कारण कापड तिथेच आधी फाटतं. आणि सावलीत बसलात तरी सनस्क्रीन लावा. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते.

दिल्लीहून नेणार कशी?

१० बाय १० फुटांच्या पोलादी कॅनोपीचं वजन अनेकदा १५ किलोच्या वर जातं. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुधा तेवढंच सामान नेता येतं. निझामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेसने रत्नागिरीला जाणार असाल तर ती बर्थखाली सरकवता येईल, पण मिटल्यावर लांबी किती होते ते मोजून घ्या. विमानाने जाणाऱ्यांसाठी ताणून बांधायच्या कापडाची, दोन-चार हलक्या खांबांची आणि कोपऱ्यांना वाळूच्या पिशव्या असलेली कॅनोपी जास्त सोयीची.

खरा आधार वाळूचाच

सोबत येणाऱ्या तारेच्या बारीक मेखा कोरड्या वाळूत धरत नाहीत. घरून चार रिकाम्या मजबूत पिशव्या न्या. १० लिटरच्या पिशवीत साधारण १५ किलो कोरडी वाळू मावते, म्हणजे चार पायांना ६० किलोंचा आधार फुकटात! पिशवी पायाला नुसती टेकवू नका. वाळूत हातभर खड्डा करून ती पुरा आणि तिचा दोर सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्याला ताणून बांधा. समुद्राकडचे दोन पाय थोडे खाली ठेवा, म्हणजे वारा कापडाखाली शिरणार नाही. जागा भरतीच्या रेषेच्या वर निवडा. कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण दिसलं तर तिथून दूर राहा.

कधी उतरवायची?

लांब समुद्रात लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, तर वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा. आधी मुलांना बाहेर काढा, मग कॅनोपी मिटा. जेवायला किंवा पाण्यात सगळेच जाणार असाल, तरीही ती उभी सोडून जाऊ नका.

मुक्कामावर परतल्यावर सांगाडा गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच पिशवीत भरा. आणि निघण्यापूर्वी एकदा घराच्या गच्चीवर ती उभी करून बघा. काही कमी-जास्त असेल तर ते दिल्लीतच कळेल, तेव्हा बदलून घ्यायलाही वेळ असेल.